खाज थांबली, रोग वाढला

जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतील आमच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. २०१९ च्या ऑगस्टमधील अनुभव ताजा असल्यामुळे त्या खेपेस आम्ही फार वाट पाहिली नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडल्याचे कळताच आई, सौ., मुलगा, सूनबाई आणि चार वर्षांचा नातू यांना घेऊन राजारामपुरीत धाकट्या बहिणीकडे गेलो. तिच्या दिराचे कुटुंबही तेथेच आलेले होते. तीन खोल्या आणि चौदा माणसे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने दूध-भाजीचीच चणचण, तेथे कोणाची चादर कोणाच्या अंगावर हे पाहणार कोण? मुले एकाच सतरंजीवर, एकमेकांना बिलगून झोपत. सहा दिवसांनी पाणी उतरले, आम्ही घरी परतलो आणि चिखल काढण्याच्या कामाला लागलो.

ऑगस्ट सरत आला तेव्हा नातवाची झोप मोडू लागली. दिवसभर हुंदडणारे मूल रात्री दिवा मालवला की अंग ओरबाडू लागे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि करगोट्याच्या जागी बारीक तांबूस पुरळ दिसत होते. सूनबाई म्हणाली, "मामा, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. एवढ्याशा पुरळासाठी लहान मुलाला दवाखान्याच्या गर्दीत कशाला न्यायचे, असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर तपासणीची फी वाचली तर बरेच, हा विचारही मनात होताच. मी ओळखीच्या मेडिकलमध्ये गेलो. "पोराला खाज सुटली आहे" एवढे सांगितले आणि एक ट्यूब घेऊन आलो. दुकानदाराने मुलाचे वय विचारले नाही, मीही सांगितले नाही.

दोनच रात्रींत खाज थांबली. घरात माझे कौतुक झाले.

पुढे दशलक्षण पर्व आले. निर्बंधांमुळे बस्तीत गर्दी नव्हती, तरी नातलगांकडे जाणे-येणे होते. नातू या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होता. पर्व संपता संपता पुरळ पुन्हा दिसले, आणि या वेळी पाठीवर, मांड्यांवर, तळहातांवरही. मनगटाजवळ फोड आले, ते फुटले आणि त्यांच्यावर मधासारख्या पिवळसर खपल्या धरल्या. आता मात्र सूनबाईने मला विचारले नाही. ती मुलाला घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. मी मागोमाग पोहोचलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न मुलाविषयी केलाच नाही. "घरात आणखी कोणाला रात्री खाज सुटते?" असे त्यांनी विचारले. सौ. ने आपले मनगट पुढे केले. मलाही पंधरा दिवसांपासून कमरेला खाज येत होती, मी ती मधुमेहावर ढकलत होतो. दुसरा प्रश्न होता, "याला काही लावले आहे का?" मी खिशातून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून बारीक अक्षरांतील घटक वाचून दाखवले. बुरशीवरचे एक औषध, जंतूंवरचे एक औषध आणि क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड. नातवाला झाली होती खरूज. या तिन्हींपैकी एकही औषध खरजेवर चालत नाही.

खरूज म्हणजे काय, हे साठी ओलांडेपर्यंत मला नीट ठाऊक नव्हते. अस्वच्छ घरांत होणारा रोग, एवढीच समजूत होती. खरजेचा किडा आठ पायांचा आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. मादी कातडीच्या सर्वांत वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात, तरी अंगभर खाज सुटते, कारण ती किड्याच्या चावण्याची नसून त्याच्या मळाविरुद्ध व अंड्यांविरुद्ध आपल्या शरीराने उभारलेल्या प्रतिकाराची असते. हा प्रतिकार पहिल्या वेळी उभा राहायला चार ते सहा आठवडे लागतात. जुलैअखेरीस एका सतरंजीवर मिळालेला किडा ऑगस्टच्या शेवटी बोलू लागला तो यामुळेच, आणि म्हणूनच पूर व खाज यांचा संबंध आम्हां कोणाच्याच ध्यानात आला नाही. रोज दोनदा स्नान करणाऱ्यालाही खरूज होते. ती पसरते बराच वेळ अंगाला अंग लागल्याने आणि एका अंथरुणात झोपल्याने. आईच्या कुशीत झोपणारे मूल आणि एकमेकांना बिलगणारी भावंडे यांना ती आधी गाठते हे ओघानेच आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. जगात कोणत्याही क्षणी वीस कोटींहून अधिक लोकांना ती असते, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

आता ट्यूबने काय केले ते पाहू. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबते. प्रतिकार दबला की खाज थांबते, लाली जाते. किडा मात्र जिवंत राहतो, आणि त्याला अडवणारे कोणी उरले नसल्याने अधिक वेगाने वाढतो. बँकेत आम्ही एक प्रकार पाहत असू. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातूनच जुन्याचे हप्ते भरून घ्यायचे. खाते कागदावर नियमित दिसते, थकबाकीच्या यादीत येत नाही, आणि आतली तूट वाढत जाते. याला एव्हरग्रीनिंग म्हणतात. इतरांच्या खात्यांत हा प्रकार दिसला की मी हरकत नोंदवीत असे, आणि नातवाच्या कातडीवर तोच व्यवहार मी स्वतःच्या हाताने केला होता.

उपचार तसा साधा निघाला, अवघड होती ती त्याची शिस्त. पर्मेथ्रिन पाच टक्क्यांचे मलम रात्री मानेपासून तळपायांपर्यंत लावायचे. बोटांच्या बेचक्या, बेंबी, काखा, जांघा, नखांखालची जागा, काहीही सुटता कामा नये. आठ-दहा तास अंगावर ठेवून सकाळी स्नान करायचे आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. अगदी लहान मुलांना डोळे व तोंड वगळून डोके आणि चेहऱ्यावरही ते लावावे लागते. दोन महिन्यांखालील बाळ आणि गर्भवती स्त्री यांच्यासाठी काय वापरायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मुख्य अट अशी, की घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री हे मलम लावायचे. एक माणूस जरी सुटला तरी आठवड्याभरात सगळे पुन्हा मूळपदावर येते. त्या दिवसांत वापरलेले कपडे व चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायच्या आणि इस्त्री करायच्या. धुता न येणाऱ्या दुलया व खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवायची. माणसाच्या अंगाविना हा किडा साधारणतः दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहते. ती औषध फसल्याची खूण नव्हे, म्हणून घाबरून पुन्हापुन्हा मलम लावत बसू नये.

घरातील प्रत्येकजण म्हणजे कोण, हाही विचार करावा लागला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी नातवाला तासन्‌तास कडेवर घेत. त्यांना मलमाच्या नळ्या दिल्या, त्यांच्या घरच्यांसाठीही दिल्या. त्यांच्यामुळे झाले असेल, अशी कुजबुज घरात एकदा झाली. हिशोब लावला तर उलटेच निघाले, त्यांना खाज आमच्यानंतर सुरू झाली होती. आपल्या दुकानांत, गोदामांत रात्री झोपणारी मुलेही याच नियमात येतात. खर्चाचा प्रश्न असेल तर सीपीआर रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तेथे पाठवावे. पण पाठवावे हे नक्की.

सर्वांत जड गेले ते बहिणीला फोन करणे. पुरात आधार दिलेल्या घराला "आम्हाला खरूज झाली आहे, तुम्हीही तपासून घ्या" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? दोन दिवस मी टाळले. तिसऱ्या दिवशी फोन केला, आडवळणाने विषय काढला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "दादा, आमच्याकडं तर महिना झाला. तुम्ही पाव्हणे म्हणून आलेला, तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप्प राहिलो." चौदा माणसांपैकी नऊ जण तीन आठवडे एकमेकांपासून लपवून खाजवत होते. तिच्या जावेच्या दोन्ही मुलांनाही कोणत्या तरी मेडिकलमधून तसलीच ट्यूब आणून लावली होती.

मलम लावायच्या दिवशी संध्याकाळी आणखी एक अडचण उभी राहिली. आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी होते. पाणी गाळल्यावाचून ती घोटभरही घेत नाही. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आणि त्या जिवांचं काय रं?" उवा, ढेकूण हे त्रीन्द्रिय जीव, हे आपण सर्वच पाठशाळेत शिकलेलो आहोत. मग खरजेच्या किड्यालाच निराळा न्याय कसा लावायचा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अनेक जैन घरांत तो उच्चारला जात नाही, पण मनात असतो, आणि त्यापायी मुलाचा उपचार लांबणीवर पडतो.

मी माझ्या परीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाचे अहिंसाणुव्रत संकल्पपूर्वक होणाऱ्या त्रसहिंसेच्या त्यागाशी जोडले आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद सांगताना गृहस्थाला पहिलीचा पूर्ण त्याग सांगितला आहे. उरलेल्या तिन्ही त्याला सर्वस्वी टळत नाहीत, त्या यत्नाचाराने कमी करायच्या. मुलाला वाचवण्यासाठी केलेला उपचार हा मारण्याचा संकल्प नव्हे. शिवाय उपचार न केल्याने जीव वाचतात असेही नाही, उत्पत्ती आणि मरण दोन्ही वाढत जातात, एकाच्या अंगावरून दहांच्या अंगावर जातात. हेही सांगितले, की सुरुवातीस मुलाच्या अंगावर दहा-पंधराच किडे असतील, त्या ट्यूबमुळे ते किती झाले कोण जाणे.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू पहिल्यांदाच डॉक्टरकडं नेलं असतंस, तर एवढे जीव वाढलेच नसते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री णमोकार म्हणत तिने सौ. कडून मलम लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एकाशन केले. हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी आपल्या गुरूंना अवश्य विचारावा, पण पुरळ दिसल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारावा.

मनगटाजवळील पिवळ्या खपल्यांविषयी मी अजून लिहिलेले नाही, आणि डॉक्टरांना अधिक काळजी वाटली ती त्यांचीच. नखांनी सोललेल्या कातडीत स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस हे जिवाणू शिरतात. फोड येतात, फुटतात आणि मधाच्या रंगाची खपली धरते. याला इम्पेटायगो म्हणतात. एका मुलाच्या बोटांवरून, टॉवेलवरून तो दुसऱ्याकडे जातो. बहुतेकदा औषधाने आठवड्यात बरा होतो, परंतु स्ट्रेप्टोकॉकसच्या काही प्रकारांनंतर एक ते तीन आठवड्यांत, कधी त्याहूनही उशिरा, मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. कातडीवरचा फोड आणि मूत्रपिंड यांचा संबंध असेल असे माझ्या स्वप्नातही आले नसते. लघवीचा रंग काळ्या चहासारखा होतो का, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते का, यावर सहा आठवडे लक्ष ठेवायला सांगितले होते. ते सहा आठवडे सूनबाईने वहीत नोंदी ठेवून काढले. सुदैवाने काही झाले नाही.

खरजेवर वापरली जाते तीच ट्यूब आपल्याकडे गजकर्णावरही सर्रास वापरली जाते, आणि तेथे तिने केलेले नुकसान मोठे आहे. गजकर्ण ही बुरशी. स्टेरॉइडने तिची कड पुसट होते, खाज थांबते, बुरशी खोलवर व दूरवर पसरते. मग डॉक्टरांनाही पाहताक्षणी रोग ओळखू येत नाही. गेल्या दहा वर्षांत भारतात नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण झपाट्याने वाढले. त्यामागील बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जगातील त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखांत आपल्या देशाचे नाव अशा रीतीने जावे, याचे वाईट वाटते. तिच्या प्रसारामागे अशा मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. पूर्वी हे गजकर्ण मोठ्यांचे दुखणे समजत, आता ते बाळांच्या अंगावरही दिसते, कारण घरातील मोठी माणसे अर्धवट उपचार घेत राहतात आणि टॉवेल एकच असतो.

स्टेरॉइड हे विष नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. इसबावर, विशेषतः लहान मुलांच्या इसबावर, डॉक्टर मोजून-मापून सौम्य स्टेरॉइड देतात व त्याने मुलाला खरोखर आराम पडतो. ते ऐकून घाबरून मध्येच बंद करणारे पालकही मी पाहिले आहेत, तेही चुकीचेच. प्रश्न आहे तो निदानाशिवाय लावण्याचा. मुलाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे औषध रक्तात अधिक उतरते. डायपरखाली लावले तर आणखी. दीर्घकाळ वापरल्यास कातडी झिजते, कायमचे वळ उमटतात, शरीरातील नैसर्गिक संप्रेरकांचे काम मंदावते आणि मुलाची वाढ खुंटू शकते.

यासाठी कायदा नाही असे नाही. औषध नियम, १९४५ यांच्या परिशिष्ट 'एच' मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. त्वचेला लावायच्या स्टेरॉइडांना तेथे सवलत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बराच पाठपुरावा केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांना त्या परिशिष्टात आणले. म्हणजे माझी खरेदी झाली त्याला तीन वर्षे होऊन गेली होती.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा औषधांचा व्यापार आहे, किरकोळ व घाऊकही. त्यांना हे वाचून राग येईल. त्यांची बाजू मला ठाऊक आहे. "आम्ही दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि ट्यूबचे नाव घेऊनच येते." दोष आधी माझ्यासारख्या गिऱ्हाइकाचा, हे मी मान्यच केले आहे. तरी एक विनंती करावीशी वाटते. खाजेचे मलम मागणाऱ्याला "कोणासाठी? वय किती?" एवढे विचारावे, आणि लहान मुलासाठी असेल तर चिठ्ठीशिवाय देऊ नये. औषधदानाला आपण चार दानांत स्थान दिले आहे. त्याच औषधाच्या विक्रीत एका गिऱ्हाइकाचे सत्तर रुपये सोडणे आपल्याला परवडण्यासारखे आहे.

घरगुती उपायांबाबत थोडे. कडुनिंबाचा पाला अंघोळीच्या पाण्यात टाकण्याने सहसा बिघडत नाही, पण त्याने खरूज जात नाही. चिघळलेल्या जागी हळदीचा लेप लावू नये. खोबरेल तेलात कापूर घालून तान्ह्या मुलाला चोळण्याची आपल्याकडची पद्धत मात्र बंदच करावी, कापूर कातडीतून शोषला जाऊन बाळाला झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. गंधोदक श्रद्धेने मुलाच्या कपाळी लावावे, श्रीपाळ-मैनासुंदरीची कथाही त्याला सांगावी. पंचामृत अभिषेकाचे गंधोदक उघड्या जखमेला लावू नये, इतकेच.

आमच्या कोल्हापूरच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट कपडे तसेच मुलांना घालण्यापेक्षा दोन जोड कमी असलेले बरे, निदान इस्त्री फिरवून घालावेत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या ओल्या बुटांमुळे. शाळेतून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसण्याला एक मिनिट लागते. चातुर्मासात पाणी जपून वापरणाऱ्या घरांनीही मुलांच्या बाबतीत काटकसर करू नये, थोडक्या पण स्वच्छ पाण्याचे रोजचे स्नान पुरते, जंतुनाशक द्रव त्यात ओतण्याची गरज नाही. नखे आठवड्यातून एकदा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. जावळ काढताना न्हाव्याला नवे पाते घ्यायला सांगावे, त्यात संकोच कसला? डोक्यात खवडे होऊन केस झडू लागले तर वरून लावलेले मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. आणि अगदी तान्ह्या बाळाला पू असलेले फोड आले, लाली पसरत चालली, ताप आला किंवा मूल मलूल झाले, तर सकाळची वाट पाहू नये.

नातवाच्या उपचाराची दुसरी फेरी झाली त्या दिवशी सूनबाईने घरातील औषधांचा डबा जमिनीवर उपडा केला. त्यात त्याच जातीच्या आणखी तीन ट्यूब निघाल्या. एक माझी, नायट्यासाठी आणलेली. एक मुलाची. तिसरी कोणाची हे कोणीच कबूल केले नाही. दोघींची मुदत संपलेली होती. वाचकांनी हा अंक बाजूला ठेवल्यावर आपल्या घरचा डबा एकदा काढून बघावा, भिंग जवळ घ्यावे, आणि ट्यूबवरील नावांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसते का ते वाचावे.